किरकोळ, दीडशे ग्रॅम

"चिठ्ठी?" बाबांनी हात पुढे केला.

"बाबा, कांदा करपतोय. दोन चमचे तेल द्या फक्त."

"चिठ्ठीशिवाय माल निघत नाही."

मी गॅस बंद केला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे "तेल, दोन चमचे, कांदा परतण्यासाठी" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. बाबांनी तो कागद हात लांब करून वाचला.

"तारीख?"

मी तारीख घातली. मग ते स्टुलावरून उठले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, फडताळाचं कुलूप उघडलं, दोन चमचे तेल अगदी काठोकाठ मोजून वाटीत ओतलं आणि तेलाच्या डब्याच्या गळ्यात अडकवलेल्या कार्डावर त्याची नोंद केली. तोवर माझा कांदा गार होऊन गेला होता.

बाहेरच्या खोलीत आई काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. तिला दिसत फारसं नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. खुर्ची हलेपर्यंत ती हसत होती.

"हसू नकोस गं, डोळ्यावर ताण येईल," मी ओरडले.

"मी काय डोळ्याने हसतेय?" आई म्हणाली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शेगडीपुढे उभं राहायचं नाही. मी सकाळी दवाखान्यात लोकांचं रक्त काढायला जाते, ती दुपारी उशिरा येते. म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि घराचा किराणा बाबांनी बघायचा, असं ठरलं. ठरलं एवढं सोपं, पण त्याला पैजेची फोडणी बसली होती.

बाबा छत्तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, बेअरिंग. कामगार त्यांना पाठीमागे "कुलूप" म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता. छत्तीस वर्षांत त्यांच्या साठ्यात एक वायसर कधी कमी निघाला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तेच सांगितलं, एक घड्याळ दिलं आणि जुडगा काढून घेतला.

त्यानंतरचे दहा महिने मी पाहिलेत. बाबा पेपर उघडायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे. अकराच्या सुमाराला आईला विचारायचे, "काही आणायचंय का?" आई म्हणायची, "नाही हो, झालं सगळं." त्या "झालं सगळं"ने त्यांचा चेहरा असा उतरायचा की सुट्टीच्या दिवशी घरी असले की मला आईचाच राग यायचा. दिवसाला चारशे चिठ्ठ्या हाताळणाऱ्या माणसाला आता कुणी साधी काडेपेटीसुद्धा मागत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"सहा हजार. तिघांचा महिन्याचा किराणा. यात बसवायचं. पेन्शन आल्यापासून मी एकदाही वर गेलेले नाही, कारण वरचे पैसे घरभाड्यातून नाहीतर औषधांतून येणार."

"त्यात काय एवढं?" बाबा म्हणाले. "चौदाशे वस्तूंचं स्टोअर सांभाळलंय मी. तुझ्या फडताळात असतील चाळीस."

आईने मान वळवली. ती अशी सावकाश मान वळवते तेव्हा मी सहसा खोलीतून निघून जाते.

"बरं," ती म्हणाली. "महिना सहा हजारात काढलात तर फडताळ तुमचं, कायमचं. एक पैसा वर गेला तर पुन्हा माझ्या डब्यांकडे बघून अवाक्षर काढायचं नाही."

"मंजूर."

"ही साक्षीदार," असं म्हणून तिने मला अडकवलं.

आमच्या फडताळाला मुळात कुलूपच नव्हतं. बाबा त्याच संध्याकाळी जाऊन घेऊन आले. त्याचे पैसे किराण्यात धरायचे का यावर जरा बोलाचाली झाली, पण तो भांडवली खर्च आहे असं त्यांनी आम्हाला पटवलं. नवा जुडगा कमरेला लागला तसे ते दोन बोटं उंच दिसायला लागले. मी थट्टा करणार होते, पण केली नाही.

एक तारखेला त्यांनी आईची मागच्या महिन्याची यादी मागवली. आई वाण्याच्या याद्या खिळ्याला टोचून ठेवते, वर्षानुवर्षांच्या. बाबा चष्मा लावून वाचायला बसले. तांदूळ, पीठ, डाळ, साखर, चहा, तेल, साबण. प्रत्येक ओळीला मान हलवत होते. शेवटच्या ओळीला मान थांबली.

"हे काय? किरकोळ?"

"किरकोळ म्हणजे किरकोळ," आई म्हणाली.

"वस्तू कोणती? वजन किती?"

"असतं हो काहीतरी."

"काहीतरी नावाचा माल स्टोअरमध्ये नसतो. ज्या स्टोअरमध्ये किरकोळ शिरलं ना, ते स्टोअर बुडालं म्हणून समज." आणि त्यांनी लाल शाईने ती ओळ मारली.

मला वाटलं आता वाजणार. आईने तोंड उघडलंही होतं. पण तिने ते मिटलं आणि काळा चष्मा नाकावर सारखा केला.

मग बाबा कोटेशनं घ्यायला निघाले. मी गंमत करत नाही. एक किलो डाळीसाठी ते तीन दुकानं फिरले आणि प्रत्येकाकडून भाव कागदावर लिहून आणला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो नेहमीचा दुकानदार आहे, ज्याच्या पत्र्याखाली एक लाकडी बाक असतं, त्याने कपाळाला हात लावला.

"साहेब, एक किलोला कोटेशन? मी काय पूल बांधतोय का?"

"सही करा," बाबा म्हणाले.

तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर त्याचाच भाव सगळ्यांत कमी निघाला. म्हणजे आई जिथून घेत होती तेच दुकान बरोबर होतं. बाबांनी घरी येऊन ही गोष्ट मोठ्या गंभीरपणे आईला कळवली. आईनेही तितक्याच गंभीरपणे त्यांचे आभार मानले.

पुढचे दिवस मजेत गेले. माझ्या नाकी नऊ आले, पण मजेत. प्रत्येक डब्याच्या गळ्यात कार्ड आलं, त्यावर आवक, जावक, शिल्लक. आधी आणलेला साबण आधी वापरायचा, म्हणून साबणांवर आकडे पडले. आईला वाकायचं नव्हतं म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणंही बाबांकडे आलं. पहिल्याच दिवशी ते झारी घेऊन आत आले.

"कुंड्यांत ही करडी टरफलं कसली आहेत गं? मातीपेक्षा तीच जास्त आहेत."

"राहू द्या. त्याने ओल टिकते. शिवणकाकू सांगायच्या."

शिवणकाकू आमच्या खालच्या खोलीत राहायच्या, कपडे शिवायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. आईची एकुलती एक मैत्रीण. त्यांचं नाव निघालं की घरात कुणी पुढे काही विचारत नाही. बाबांनीही विचारलं नाही.

मधेच मामा-मामी न कळवता जेवायला आले. बाबांनी त्यांचं स्वागत फार प्रेमाने केलं आणि मला बाजूला घेऊन "आकस्मिक मागणी" असं लिहिलेलं वेगळं पान दिलं. जेवणं झाली, चहा झाला. मामांनी आणखी अर्धा कप मागितला, तशी बाबांनी त्यांच्यापुढे पेन धरलं.

"हे काय दाजी?"

"एक चमचा साखर. इथे सही."

मामांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सही केली. आई पदर तोंडात कोंबून आतल्या खोलीत निघून गेली. इतक्या वर्षांत मी तिला सलग इतके दिवस हसताना पाहिलं नव्हतं.

पण विसाव्या दिवसानंतर बाबांचं हसणं कमी झालं. पाहुण्यांनी चहा-साखरेत खड्डा पाडला होता. तो भरायला त्यांनी कुणाला न सांगता दुपारचा चहा सोडला. मला ते कार्डावरून कळलं. दुपारच्या नोंदीत तीनऐवजी दोनच कप दिसायला लागले.

"बाबा, पैजेसाठी चहा सोडताय?"

"पैजेसाठी नाही गं," ते म्हणाले. थोडा वेळ कार्ड उलटसुलट करत राहिले. "हे काम गेलं तर मी पुन्हा सकाळी उठून करू काय?"

मी माझ्या कपातला अर्धा चहा त्यांच्या बशीत ओतला. त्याची नोंद कुठेच करावी लागत नव्हती, तेव्हा त्यांनी तो घेतला.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी आला. बाबांनी सकाळीच साठा-तपासणी जाहीर केली. सगळे डबे ओट्यावर उतरवले, दुकानदाराकडून वजनकाटा मागून आणला, वजनं केली, कार्डांशी ताडली. सगळं बरोबर. मग पत्र्याचा डबा उघडून उरलेले पैसे टेबलावर मांडले. एकशे शहाऐंशी.

"जिंकलात," आई म्हणाली. तिचा काळा चष्मा त्याच आठवड्यात निघाला होता आणि ती नव्या डोळ्याने सगळ्यांकडे जरा जास्तच रोखून बघायची. "अभिनंदन. फडताळ तुमचं."

मी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र त्या पैशांकडे बघत बसून राहिले.

"काय झालं?"

"जास्त निघालेत."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं नाही. स्टोअरमध्ये कमी निघालं तर कुणीतरी नेलेलं असतं. जास्त निघालं तर कुणाचं तरी द्यायचं राहिलेलं असतं." ते आईकडे वळले. "तुझीच यादी, तुझंच दुकान, तेच भाव. वर पाहुणे जेवून गेले. तरी माझे उरले आणि तुझे कधीच उरले नाहीत. कसं काय?"

"तुम्ही हुशार," आई म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली.

बाबांना हे उत्तर चाललं नाही. त्यांनी खिळ्यावरच्या सगळ्या याद्या काढल्या आणि टेबलावर पसरल्या. मी शेजारून बघत होते. डाळ कमीजास्त, साबण कमीजास्त, पण प्रत्येक यादीच्या तळाशी ते किरकोळ होतंच. एकही महिना चुकला नव्हता. ज्या महिन्यात बाबांच्या कारखान्यात संप होता आणि आम्ही नुसत्या डाळभातावर दिवस काढले, त्या महिन्यातही होतं. रक्कम तेवढी कमी होती.

"पिशवी घे," बाबा म्हणाले. "चल."

दुकानदार पोत्यावर पोतं चढवत होता. बाबांनी त्याच्यापुढे जुन्या याद्यांचा गठ्ठाच ठेवला.

"हे किरकोळ म्हणजे काय?"

त्याने यादी पाहिली आणि लगेच नजर दुसरीकडे नेली.

"ते मला सांगता यायचं नाही साहेब. वहिनींनी नको म्हणून सांगितलंय."

"मी त्यांचा नवरा आहे."

"म्हणूनच."

मला हसू आवरेना. बाबा पण हट्टाला पेटले. दुकानासमोर उभेच राहिले, आणि ते दारात असे उभे राहिले की गिऱ्हाईक आत येत नाही. शेवटी दुकानदाराने हात टेकले. काउंटरवरच्या काचेच्या बरणीवर त्याने बोट ठेवलं. आत खारे पिस्ते होते.

"दीडशे ग्रॅम. दर महिन्याला. आधी दोघी यायच्या, वहिनी आणि खालच्या शिवणकामवाल्या बाई. अर्धे अर्धे पैसे घालायच्या. या बाकावर बसून खायच्या आणि काय हसायच्या हो! गिऱ्हाइकं वळून बघायची. टरफलं वाटून घ्यायच्या कुंड्यांसाठी. बाई गेल्यापासून वहिनी एकट्याच येतात, सगळे पैसे स्वतः घालतात. पण बसत नाहीत. पुडी घेऊन घरी जातात."

बाबा बाकाकडे वळून बघत राहिले. साधं दोन माणसांचं बाक, मधोमध फळी गुळगुळीत झालेलं.

मला खरं सांगायचं तर आधी धक्काच बसला. आई म्हणजे उरलंसुरलं खाणारी, स्वतःसाठी काही न मागणारी, अशी मी तिची मूर्ती करून ठेवली होती आणि त्याबद्दल अधूनमधून डोळ्यांतून पाणीही काढलं होतं. आणि ही बाई दर महिन्याला न चुकता, आम्हा कुणाला पत्ता लागू न देता, पिस्ते खात होती! मला इतका आनंद झाला की त्या दुकानदाराला मिठी मारावीशी वाटली.

"आणि मी ते लाल शाईने मारलं," बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून एकशे शहाऐंशी काढून काउंटरवर ठेवले. "दीडशे द्या."

दुकानदाराने हिशेब केला. "भाव चढलाय साहेब. दीडशेचे दोनशे होतात. असं करा, एकशे चाळीस घ्या, बरोबर बसतं."

"दीडशे," बाबा म्हणाले. "तिचं माप दीडशे आहे."

"मग वरचे चौदा राहू द्या, नंतर बघू."

"नाही."

मी त्यांचा हात धरला. पैज माझ्यासमोर लागली होती. "बाबा, चौदा मी देते. कुणाला कळणार आहे?"

"मला," ते म्हणाले आणि पाकिटातून चौदा काढून मोजून ठेवले. पावती मागितली. पावतीवर वस्तूचं नाव लिहायला लावलं.

जिन्यात ते एकदा थांबले, कमरेचा जुडगा चाचपला, आणि पुन्हा चढायला लागले. उद्या अकरा वाजता हा माणूस पुन्हा "काही आणायचंय का?" विचारणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

आई टेबलाशी बसली होती. बाबांनी तिच्यापुढे पावती ठेवली, पावतीवर पुडी ठेवली, आणि जुडगा सोडून पुडीच्या शेजारी ठेवला.

आईने पावती उचलली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच काहीतरी चष्म्याशिवाय वाचत होती. सावकाश वाचलं.

"चौदा वर गेलेत."

"हो."

"म्हणजे हरलात."

"हरलो."

तिने पुडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी रडू नका असं काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

"कुणी सांगितलं?"

"साठ्याने," बाबा म्हणाले. दुकानदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"महिनाभर सांगितलं का नाहीस?" त्यांनीच विचारलं. "ओळ मारली तेव्हा बोलायचं ना."

"काय बोलणार? पिस्ते म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घे की, नको कोण म्हणतंय. मग ते तुम्ही दिलेले झाले असते. आमचे राहिले नसते." आईने नाक पुसलं. "ती म्हणायची, यादीत सगळ्यांचं लिहितेस, एक ओळ आपली असू दे."

बाबांनी मान हलवली. मग ते उठले आणि फडताळावरची कार्डं एकेक करून सोडायला लागले.

"ते काय करताय?" आईने विचारलं.

"ठरलंय ना. अवाक्षर काढायचं नाही."

"अवाक्षर नाहीच काढायचं. पण हरलेल्याला शिक्षा नको?" आईने जुडगा उचलला आणि टेबलावरून त्यांच्या बाजूला सरकवला. "उद्यापासून किराणा तुम्हीच बघायचा. न बोलता. मला आता नवा डोळा मिळालाय, मी जरा बघत बसणार आहे, नुसती. तीस वर्षं मोजमाप करून वीट आलाय मला."

बाबा कार्ड हातात धरून उभे राहिले. "खरंच सांगतेस?"

"आणि चिठ्ठ्या बंद."

"चिठ्ठ्यांशिवाय कसं..."

"अवाक्षर!" आई ओरडली आणि आम्ही तिघंही हसायला लागलो. बाबा हसता हसता उगाचच चष्मा पुसायला लागले. सोडलेली कार्डं त्यांनी तासाभरात पुन्हा अडकवली. दुपारी मी चहा केला, तीन कप, आणि नोंदीतही तिसरा कप आला.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. मी दवाखान्यात निघाले तेव्हा बाबा नवी यादी करत होते, त्यांच्या त्या मोत्यासारख्या स्टोअरच्या अक्षरात, समोर वजन, समोर अंदाजे रक्कम. मी वाकून पाहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, किरकोळ. वजनाचा रकाना कोरा होता.

"बाबा, वजन?"

"त्याचं वजन विचारायचं नसतं," ते म्हणाले आणि आईची चप्पल शोधायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी मी बससाठी थांबले होते. तिथून दुकान दिसतं. दोघं आली. बाबांनी यादी दिली, सामान बांधून घेतलं, पुडी आईच्या हातात दिली, आणि पिशव्या घेऊन सरळ घराकडे वळले. आई बाकापाशी थांबली होती. तिने त्यांना हाक मारली.

"अहो! बसा की जरा."

"मी?" बाबा म्हणाले. "नको. ती तुमची दोघींची जागा आहे."

"तिच्यासारखं बोलता यायचं नाही तुम्हाला. पण बसा."

आई आधी बाकाच्या एका टोकाला बसली, तिच्या नेहमीच्या टोकाला असणार. दुसऱ्या टोकावर तिने एकदा तळहात फिरवला. बाबा पिशव्या पायांशी ठेवून तिथे बसले, अगदी कडेवर, कुणी उठा म्हटलं तर लगेच उठता येईल असे. आईने पुडी फाडून मधे ठेवली. काहीतरी बोलली. बाबा हसले, मग तीही हसली, आणि दुकानात शिरणारी एक बाई वळून बघायला लागली.

माझी बस आली. मी ती सोडली. बाबा टरफलं बाकाखाली टाकत नव्हते. एकेक टरफल ते शर्टाच्या खिशात ठेवत होते, जिथे त्यांचं लाल पेन असायचं.